पाच हजारांच्या पुढं

गाडी नेसरीकर डॉक्टरांची. गडहिंग्लजहून आणली.
दोन हजार एकची होंडा सिटी, व्हीटेक,
सीटखाली त्यांची गोळ्यांची एक पट्टी, मुदत संपलेली.
वीस वर्षं तिला त्यांनी तीन हजारांच्या वर जाऊ दिलं नाही.
दवाखाना, बाजार, वर्षातून एकदा गणपतीपुळे.
सज्जन माणूस.
दारात काय बांधून ठेवलंय
ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

उद्यमनगरच्या मागच्या बोळात, आमच्या जिन्याखाली
ती कशीबशी मावते.
उजवं दार उघडायचं तर आधी शेजाऱ्यांची लुना हलवायची.
जुनं तेल मी गुळाच्या डब्यात काढते,
काळं, पातळ, हातावर ऊन लागणारं.
आई वरून ओरडते, "हाका मारून दमलो मी,
रस्सा गार झाला, आता खालीच वाढू का?"
माझ्या नखांकडं बघून दोन स्थळं परत गेली.
तिसरा आला त्यानं विचारलं, हेडर कुठला टाकलाय?
त्याचं लग्न ठरलं होतं आधीच, तो नुसता गाडी बघायला आलेला.

हेडर इथलाच.
पाइप वाकवले मी, आर्गन मारलं इलाही शिकलगारनं,
आणि फ्लँज आप्पांची.
कागदावर लिहिलं होतं दहा मिलिमीटर.
आप्पांनी कागद लांब धरून वाचला, घडी घातली,
म्हणाले, "तीन सूत. वर जरासं."
त्या जरासं-साठी दुपारभर कानस चालली.

आप्पा शिरोलीला फोर्जिंगच्या हॅमरशेजारी एकोणतीस वर्षं.
ग्रॅच्युइटी घेऊन आले, कान तिथंच ठेवून.
आता इंजिन ते तळव्यानं ऐकतात.
कव्हरवर हात टेकतात, डोळे मिटतात,
"दोन नंबर. बाहेरचा. ढिला."
फीलर गेजचं पान मी सरकवते, ओढून बघतात ते,
"लोण्यातनं नको. खव्यातनं ओढल्यागत पाहिजे."
पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही.
पुस्तकात आकडा आहे.

एवढं करून ती पाच हजारांना नुसती धापा टाकायची.
दुसरा कॅम धरतच नव्हता.
नवीन इंजिन बघ म्हणाले लोक, पुण्यात मिळतं.
तीन रविवार वायरी तपासल्या.
चौथ्या रविवारी एक सॉलेनॉइड उघडला
तर आत नखाएवढी जाळी, चिखलानं बुजलेली,
वीस वर्षांच्या सभ्य चालीचा गाळ.
रॉकेल, जुना टूथब्रश.
आप्पांनी ती उजेडासमोर धरली,
भोकांतून पलीकडची भिंत दिसेपर्यंत खाली ठेवली नाही.

पहाटे चारला निघतो.
चौगुल्यांची पोरगी बारावीला आहे
म्हणून बोळात स्टार्टर मारायचा नाही.
गाडी न्यूट्रलला, मी दाराच्या खांबाशी, आप्पा डिकीशी,
अडुसष्टाव्या वर्षी धोतर खोचून ढकलतात,
पिठाच्या गिरणीच्या उतारापर्यंत.
तिथं ती आपणहून चालायला लागते
आणि आप्पांना पळत येऊन बसावं लागतं.

जोतिबाच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या अजून निघालेल्या नसतात.
तेल तापेपर्यंत मी शहाण्यासारखी चालवते.
मग दुसरा गिअर, चढ, पाय तळाला.
चार हजार. साडेचार.
आप्पांचा एक हात डॅशबोर्डवर सपाट,
दुसरा तोंडावर, कवळीसाठी.
काट्याकडं बघायचं नाही असा त्यांचा नियम.
माझं लक्ष काट्यावर, कान आवाजावर,
आणि मला काही कळायच्या आत
तो हात जरासा उचलला जातो

"आलं," म्हणतात आप्पा,

आणि मग येतं.